बापकोपरा

मोहरटोलीच्या तलावात उगवतीच्या बाजूला शिंगाड्याच्या वेलींचा एक दाट पट्टा दिसतो. त्याला बापकोपरा म्हणतात. साऱ्या तलावातले शिंगाडे काढून झाले तरी तिथल्या शिंगाड्याला ढीवर, म्हणजे तलावावर पोट भरणारे मासेमार, हात लावत नाहीत. कमळपक्ष्याचे फोटो काढायला येणारे पाहुणे कॅमेऱ्याच्या भल्यामोठ्या नळ्या रोखून तिथेच बसतात, आणि पक्षी दिसला नाही की गावालाच बोल लावतात. त्यांना गप्प बसवायला गावातली म्हातारी माणसं पैकूची हकिकत सांगतात.

पैकू ढीवर फार मागच्या काळातला. बाळंतपणात त्याची बायको गेली आणि मागे जुळी राहिली, एक मुलगा आणि एक मुलगी. शेळीच्या दुधावर पोरं तगली खरी, पण पैकूच्या जिवाला घोर लागलेला. एक रडलं की दुसरं का रडत नाही म्हणून तो त्याच्या नाकाशी बोट धरून बघायचा. त्यात बायकोची थोरली बहीण जानका हिने निरोप धाडला, "दोन पोट्टे एकट्या गड्याच्यानं जगत नसतात. एक मले दे. मी न्याले येते."

जानका वाईट नव्हती. गावही तिच्याच बाजूने होतं, आणि खरं सांगायचं तर पैकूलाही तिचं पटत होतं. पटत होतं म्हणूनच तो घाबरला. ती यायच्या दिवशी सकाळीच पोरं डोंग्यात घालून तो तलावातल्या टेकाडावर गेला. शिंगाड्याची राखण करायला तिथे त्याची झोपडी होती.

भादव्याची झड लागली होती. वरच्या अंगाचे ओढे फुगले आणि दुपारी तलाव चढू लागला. पैकू पोरांना दूध पाजण्यात गुंतला होता. बाहेर येऊन बघतो तर डोंगा दावं तोडून गेलेला आणि पाणी झोपडीच्या दाराशी. काठाला तलावाच्या बांधावर, पाळीवर, माणसं जमलेली दिसत होती, जानकाही दिसत होती, पण वाऱ्यात हाक पोचेना, आणि त्या लाटांत डोंगा घालायची कुणाची छाती होईना. पोहून जावं तर एका हाताने एकच पोर नेता येणार. जो विचार मनाला शिवू द्यायचा नव्हता, तोच पैकूपुढे येऊन उभा राहिला.

तेवढ्यात टेकाडाच्या कडेला त्याला कमळपक्षी दिसला. घरटं बुडालं होतं. या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते. उबवायचं आणि वाढवायचं काम नराचं. तो नर पानावर दबून बसला आणि पंख थोडे उचलून हलकेच पिल्लांना बोलावू लागला. पिल्लं धावत येऊन पंखांखाली शिरली. पक्षी उठला तेव्हा त्याच्या दोन्ही कुशींतून बारीक पायांचे झुबके लोंबत होते, असं सांगतात. तसाच तो दाट वेलींवरून उगवतीकडे चालत निघाला.

ढीवराचं पोरही दाट वेलीत पाय घालत नाही; पाय गुरफटला की माणूस संपला. पैकूचा सारा जन्म मोकळ्या पाण्यातून डोंगा हाकण्यात गेला होता. पण मोकळं पाणी म्हणजे खोल पाणी, हे त्याला त्या घडीला उमगलं. पानं एवढी दाटली आहेत तर खाली माती जवळ असणार. त्याने दोन्ही काखांत एकेक पोर आवळलं आणि वेलीत पाय टाकला. खाली टणक लागलं. तलाव व्हायच्या आधीच्या धानशेतीचा जुना बांध होता तो, म्हणे.

कमरेएवढ्या पाण्यात वेलींतून पाय ओढून काढत, पोरं रडताहेत ना हे ऐकत तो चालला. मुलगी मधेच गप्प झाली. थांबून बघायची सोय नव्हती. पाळीवरच्या लोकांना आधी तो ओळखूच येईना; माणसाच्या अंगाला चार इवले पाय लोंबताना दिसले आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

पैकू पाळीला लागला तशी जानका धावत पाण्यात उतरली. "हात उघड बाबू! पोट्टी काहून रडत नाई?"

पैकूचे हात उघडेनात, आखडूनच गेले होते. जानकाने मुलीचे तळपाय खसाखसा चोळले. बराच वेळ काही नाही, आणि मग मुलगी कडाडून रडली. जानकाच्या डोळ्यांना धार लागली.

"एक तरी दे रे," ती म्हणाली. "तुह्या हाताले सुटका होईल."

"कोनता देऊ, बाई?" पैकू म्हणाला. "तूच सांग."

जानकाने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. तिला बोट दाखवता येईना. ती तिथेच चिखलात बसली, आणि पोरं चालती होईपर्यंत आपल्या गावी परत गेली नाही.

आजही मोहरटोलीत मूल झालं की त्याला पहिल्यांदा तलावावर बाप आणतो, काखेत धरून. मावशी पाळीवर उभी असते. मूल एकच असलं तरी ती रीतीप्रमाणे "एक तरी दे" म्हणते आणि बाप "कोनता देऊ?" असं विचारतो. जमलेले लोक हसतात. बाप मात्र हसत नाही, आणि घर येईपर्यंत हात सैल करत नाही.