हौसाचा पहिला घास

एक होता राजा. त्याचं नाव धान्यसेन. नाव एवढं भरघोस आणि कोठार? ठणठणीत रिकामं! हसू नका रे, ऐका आधी. पांघरूण घ्या अंगावर. आणि शकू, ती दुसऱ्याची उशी सोड.

तर काय झालं, त्या राज्यावर टोळधाड आली. आभाळ झाकोळलं आणि टोळ शेतात उतरले. त्यांनी कणसं खाल्ली, पानं खाल्ली, धाटंसुद्धा सोडली नाहीत. मग राजानं कोठारातलं धान्य वाटलं. वाटता वाटता ते संपलं. मग राजवाड्यामागचं पेव उघडलं. पेव म्हणजे ठाऊक आहे ना? धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. तर पेवात दाणा म्हणून नव्हता. नुसता एक तांब्याचा हंडा होता. तो वर काढला, आणि खालून आवाज आला. खुद्द धरणीमाय बोलत होती, बरं का!

ती म्हणाली, "हा हंडा चुलीवर ठेवा. त्यात नुसतं पाणी घाला. जोंधळ्याच्या कण्या शिजतील, सगळ्या राज्याला पुरतील. पण जो कोणी वाढेल त्यानं आधी जेवायचं. सगळ्यांच्या देखत जेवायचं. आणि पोटभर जेवायचं, कमी नाही, जास्त नाही. यात चुकलात तर कण्यांचे खडे होतील आणि हंड्याला चीर जाईल. फार चिरा गेल्या की हंडा फुटला, मग मी काही करू शकायची नाही."

"हात्तिच्या!" राजा म्हणाला. "आधी जेवायचं, एवढंच ना?"

राजाला तीन प्रधान होते. तिघंही पुढे सरसावले. आधी जेवायला कोण नाही म्हणेल?

मग पहिल्या दिवशी थोरला प्रधान बसला. मैदानात सगळं राज्य पंगत मांडून बसलेलं. हंड्यातून वाफ निघाली, कण्यांचा वास सुटला. प्रधान जेवू लागला. त्याचं पोट भरलं, पण जीभ कुठे भरली होती? त्यानं आणखी घेतलं, मग आणखी घेतलं, मग करगोटा सैल केला आणि परत घेतलं. तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. हंड्यात कण्यांचे खडे झाले आणि तांब्याला एक चीर गेली.

मग दुसऱ्या दिवशी मधला प्रधान बसला. तो भारी लाजरा, लोकांसमोर तोंड हलवायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. त्यानं आपल्याभोवती पडदा लावून घेतला. पडद्याआड जेवला खरा, पण देखत कुठे झालं? खळ्ळकन! परत खडे, परत चीर.

मग तिसऱ्या दिवशी धाकटा प्रधान बसला. हा नखरेल. "तूप नाही? लोणचं नाही?" म्हणाला, आणि एक कणी जिभेला लावून ताट सारलं. हो, हो, परत खडे. तुम्हाला कळलं, पण त्याला कळलं नाही.

लोक घरी गेले ते रिकाम्या पोटी. पोरं रडायचीसुद्धा थांबली होती. आणि पोरं रडायची थांबली ना, की समजावं, भूक फार झाली.

मग राजानं दवंडी पिटवली, "पंगत वाढण्यात सगळ्यात हुशार कोण आहे?" बायका एकमुखानं म्हणाल्या, "हौसा!"

हौसा माळवाडीची. खळ्यावर मळणी चालली की सगळ्या गड्यांचं रांधायची. तिच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं नव्हतं. आणि हौसा स्वतः? सगळ्यांचं झालं की चुलीपाशी बसायची, भांडं खरवडायची, निघेल ते खायची. कधी काही निघायचं नाही. मग तांब्याभर पाणी प्यायची आणि म्हणायची, "मला कुठं भूक आहे!" अशा बायका तुम्ही पाहिल्यात की नाही?

राजानं तिला बोलावलं आणि हंडा तिच्या हाती दिला. हौसाला वाटलं, यात काय अवघड आहे? चार घास तर खायचे.

ती मैदानात बसली. समोर ताट आलं. तिनं घास उचलला आणि सहज वर पाहिलं. पहिल्याच ओळीत तिची लेक बसलेली, मैना. ओठ सुकलेले, डोळे आईच्या हाताकडे. हौसाचा हात आपोआप पुढे गेला. घास मैनेच्या तोंडात गेला.

खळ्ळकन! मैनेनं तोंडातून खडा काढला आणि आईकडे पाहिलं. त्या दिवशी सगळं राज्य उपाशी राहिलं.

दुसऱ्या दिवशी हौसानं डोळे घट्ट मिटले. घास तोंडात घातला. पण गिळवेना. इतकी माणसं उपाशी बसलीत आणि मी जेवू? तिनं तोंडाला पदर लावला, घास हळूच पदरात काढला आणि जेवल्यासारखं केलं. राजा फसला, लोक फसले. हंडा फसला नाही. पाचवी चीर गेली, ती थेट काठापासून बुडापर्यंत. आता आणखी एक गेली की हंड्याचे दोन तुकडे होणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

लोक उठून घरी निघाले. एक बाई तेवढी जाताना खडे ओटीत घेऊन गेली, घरी पोरांना काहीतरी आणलंय असं वाटावं म्हणून. ते हौसानं पाहिलं आणि ती ढसाढसा रडली. घरी येऊन सासूला म्हणाली, "आत्याबाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं. राजाला सांगते, दुसरी बघा."

सासूचं नाव बनाबाई. जिभेची तिखट, हाडानं काटक. ती म्हणाली, "दुसरी कोण बघतील? समद्या तुझ्यावाणीच हायत. शेवटाला जेवायचं तुला म्या शिकवलं. मला माझ्या सासूनं शिकवलं. तवा चांगलं वाटायचं, बाईमाणसाचा मोठेपणा वाटायचा. पर आज तुझ्या मोठेपणापायी माझी नात उपाशी निजली. उद्या मी येते तुझ्यासंगं."

मग दुसऱ्या दिवशी बनाबाई हौसाशेजारी बसली. मैनेला मांडीवर घेतलं. हौसानं घास उचलला. पण मान खाली गेली.

"वर बघ," बनाबाई म्हणाली.

"नाही बघवत, आत्याबाई. सगळी उपाशी आहेत."

"वर बघ म्हणते ना!"

हौसानं वर पाहिलं. आणि तिला काय दिसलं सांगू? बाळाला भरवताना आईचं तोंड आपसूक उघडतं की नाही? तसं सगळ्या मैदानाचं तोंड उघडलेलं. म्हातारे, बायका, गुराखी, शिपाई, सगळे आ करून बसलेले. खुद्द राजासुद्धा! तिनं घास खावा म्हणून इतकी माणसं जीव टांगून बसली होती. आपण कुणाच्या तरी वाट्याचं खातोय असं तिला वाटत होतं. तसं कुणालाच वाटत नव्हतं.

हौसाला हसूही आलं आणि रडूही आलं. तिनं घास तोंडात घातला. चावला. गिळला. सगळ्या मैदानानं आवंढा गिळला.

मग दुसरा घास, मग तिसरा. पण पोटभर म्हणजे किती? तिला ठाऊकच नव्हतं! जन्मात कधी पोटभर जेवली असेल तर ना. ती खात राहिली, आणि मग अचानक मोठ्ठी ढेकर आली. अशी मोठी की झाडावरचे कावळे उडाले. हौसा लाजून लाल झाली. आणि त्याच वेळी हंडा घुमला, चिरा भरून आल्या आणि कण्या उकळून काठावर आल्या!

मग हौसा उठली आणि वाढायला लागली. सगळं राज्य जेवलं. मैना तर आजीच्या मांडीवर जेवता जेवता झोपली.

आता पुढचं ऐका. पोटात अन्न पडलं की डोकं चालायला लागतं. हौसाचं चालायला लागलं. घराघरात राखेत पुरून ठेवलेलं थोडं थोडं बियाणं होतं. भुकेपायी लोक तेही शिजवायला निघाले होते. हौसानं गावोगाव निरोप धाडला, "बियाण्याला हात लावायचा नाही. खायला मी घालते, तुम्ही पेरा." मग तिनं माळावरच्या गावांना हुलगा आणि मटकी पेरायला लावली, काळ्या रानात जोंधळा. आणि प्रत्येक गावाच्या कोठाराची किल्ली गावातल्या एकेका बाईच्या कमरेला दिली. तिन्ही प्रधान कुरकुरले. "बायका राज्याचं धान्य सांभाळणार?" राजा म्हणाला, "तुम्ही तिघांनी खडे वाढलेत. गप्प बसा." आणि त्यानं हौसाला अन्नप्रधान केलं.

सुगी आली. खळी भरली, पेवं भरली. मग हौसानं हंडा परत धरणीमायच्या पोटात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. आणि तिनं राज्यात एक कायदा केला. जी रांधते तिचं पान आधी मांडायचं, आणि ती बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. राजानंही नाही! तेव्हापासून त्या राज्यात कुणी उपाशी निजलं नाही. हौसा, मैना, बनाबाई, सगळी सुखानं राहिली, आणि जेवून खाऊन चांगली गुटगुटीत झाली.

झाली गोष्ट. मिटा डोळे.

थांबा. स्वयंपाकघरात अजून भांडी वाजताहेत. तुमची आई जेवली का रे? कुणालाच ठाऊक नाही? शकू, ऊठ बाई. जा, तिच्या हातातलं भांडं काढून घे, तिला पाटावर बसव, आणि तिचं पोट भरेपर्यंत समोर बसून राहा. बाकीच्यांनी निजा बघू आता.