कंकणपूरचा उकिरडा

सरका जरा, आणि कुजबुज बंद. राजाची गोष्ट आहे. पण फार थोर राजा नाही, आधीच सांगून ठेवते.

कंकणपूर नावाचं गाव होतं. मधे एक टेकडी आणि टेकडीभोवती बांगडीसारखी गोल साठ घरं. त्यातलं एक जरा मोठं, तो राजवाडा. तिथे राहायचा राजा गंभीरसेन.

आता या गावाची एक रीत होती, बरं का. रोज सकाळी दार झाडायचं आणि सगळा केर डाव्या हाताच्या शेजाऱ्याच्या दारात लोटायचा. शेजारी उठला की तो लोटणार त्याच्या डावीकडे. वाडवडिलांपासून हेच. कोणी विचारलंच तर म्हातारे म्हणायचे, "आमचे केस काय उन्हाने पांढरे झालेत? रीत आहे म्हणजे बरोबरच असणार."

गाव गोल. मग केर जाणार कुठे? कुठेच नाही. साठ दिवसांनी ज्याचा त्याच्या दारात. राजगुरू विश्वंभरशास्त्री रोज देवळात स्वच्छतेवर प्रवचन द्यायचे. आपल्याच घरची सालं दोन महिन्यांनी दारात आली की नाक धरून म्हणायचे, "काय ही माणसं. संस्कार म्हणून नाहीत." आणि काठीने लोटायचे डावीकडे. मोठ्या माणसांना आपली घाण ओळखू येत नाही, बरं का. चष्मा लावूनही नाही.

मग लोटता लोटता सगळ्या केराचा एकच ढीग झाला आणि तो वाढला. बकरीएवढा झाला, बैलाएवढा झाला, हत्तीएवढा झाला. लोटायला घरातली आठ-आठ माणसं लागायची. लोटायचे, पण उचलायचं कोणी नाव काढेना.

आणि एका सकाळी, राजवाड्यासमोर, त्या उकिरड्याला तोंड फुटलं. दोन फुटक्या घागरींचे डोळे, फाटक्या टोपलीचा जबडा. तो घसा खाकरून म्हणाला, "मी कोणाचा?"

सगळं गाव एकमेकांकडे बघायला लागलं. ते त्यांना चांगलं जमायचं.

उकिरड्याला फार वाईट वाटलं. राजवाड्याच्या पायरीवर राजाची नात बकुळी बसली होती. सहा वर्षांची. उकिरड्याने जबडा उघडला आणि तिला गट्टम केलं. चावलं नाही, घाबरू नका. नुसतं पोटात ठेवलं.

"मला आपलं म्हणणारं कोणी नाही," तो म्हणाला. "ही राहील माझ्याजवळ. तीन दिवस विचारीन, मी कोणाचा. खरं सांगा, पोरगी परत घ्या. नाहीतर मी उतारावरून घरंगळत नदीत जाणार आणि नदीतून समुद्रात. हिच्यासकट."

बकुळीवर राजाचा फार जीव. पण उत्तर द्यायला त्याने आधी दुसऱ्यालाच पुढे केलं.

पहिल्या दिवशी आले शास्त्रीबुवा. शाल सावरून म्हणाले, "उकिरड्या, तू या हल्लीच्या पोरांचा. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

उकिरडा टम्म फुगला. आतून बकुळी म्हणाली, "शास्त्रीबुवा, इथे तुमची खडाव आहे. एकच आहे. अंगठा तुटलेली."

"जगात खडावा काय मी एकटाच घालतो?" शास्त्रीबुवा म्हणाले आणि घरी निघून गेले. एका पायाने लंगडत.

दुसऱ्या दिवशी आले सेनापती रणझुंजारराव. तलवार उपसून म्हणाले, "तू शेजारच्या राज्याचा. शत्रूने आणून टाकलाय."

उकिरडा आणखी फुगला. पार कौलांना टेकला. आतून बकुळी म्हणाली, "सेनापतीकाका, मिशीला कलप लावायच्या वाट्या आहेत इथे. अकरा मोजल्या."

सगळ्यांनी सेनापतींच्या मिशीकडे पाहिलं. काळीभोर.

"शत्रूलाही मिशा असतात," सेनापती म्हणाले.

मग उजाडला तिसरा दिवस. आता राजाच उठला. त्याने भाषण लिहून आणलं होतं. उकिरडा म्हणजे मागच्या राजाचा कारभार, असं त्यात होतं. मागचा राजा म्हणजे याचा बाप. तो कधीच वारलेला, उलट बोलायची भीती नाही.

राजाने कागद उघडला, तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. "आजोबा, हा फुगत चाललाय. मला श्वास घ्यायला जागा नाही. लवकर बोला ना."

राजाने कागद खिशात कोंबला. मग खाली बघत म्हणाला, "बकुळे, तिथे द्रोण आहेत का गं? पाकाचे?"

"खूप आहेत. माझ्या केसांना चिकटलेत."

"ते माझे," राजा म्हणाला. "वैद्यांनी मला गोड बंद केलंय. मी गच्चीवर लपून जिलबी खातो आणि द्रोण खाली टाकतो. माझेच आहेत ते."

उकिरड्याने ढेकर दिली. भडाभडा द्रोण राजाच्या पायाशी येऊन पडले आणि उकिरडा तेवढाच कमी झाला. तेवढाच, बरं का. रतीभरही जास्त नाही.

"बाकीचा कोणाचा?" त्याने विचारलं.

लोक म्हणाले, "राजाने घेतलं ना, आता सगळंच घेऊ दे. राजा कशाला केलाय मग?"

राजा खाली बसून उपरण्यात एकेक द्रोण गोळा करत राहिला. वैद्य समोर उभे होते, त्यांच्याकडे त्याला बघवेना.

ते बघून तेलीण म्हाळसाकाकू पुढे आल्या. उकिरड्याच्या डोळ्याला हात लावून म्हणाल्या, "ही घागर माझी. सुनेने फोडली म्हणून तिला सहा महिने टोचून बोलले. फोडली मीच होती."

"मला माहीत होतं," सून म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

काकूंनी घागर उचलली. उकिरड्याचा एक डोळा गेला, पण तो हसला. मग एक आला, दुसरा आला, मग रांगच लागली. सेनापतींनी अकरा वाट्या शेल्यात लपवून नेल्या. शास्त्रीबुवा सगळ्यांत शेवटी आले, कोणी बघत नाही ना ते बघून खडाव उचलली. सगळे बघत होते.

आता बकुळी गुडघ्यापर्यंत दिसायला लागली. राजाने तिला ओढलं. पाय निघेनात. पायाशी उसाची चिपाडं उरली होती, त्यांनी घोटे घट्ट धरले होते.

"ही कोणाची?" उकिरड्याने विचारलं.

राजा म्हणाला, "माझी नाहीत." शास्त्रीबुवा म्हणाले, "माझीही नाहीत." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. दात असतील तर ऊस खाणार ना. या वेळी म्हातारे खरं बोलत होते.

बकुळीने खाली पाहिलं. कान लाल झाले तिचे. "माझी आहेत," ती म्हणाली. "पायरीवर बसून खाते आणि शेजारी भिरकावते." तिने चिपाडं परकराच्या ओच्यात भरली आणि पाय आपोआप सुटले.

"म्हणजे मी थोडा थोडा सगळ्यांचा," उकिरडा म्हणाला.

"हो रे बाबा," राजा म्हणाला.

"मग ठीक आहे." एवढं बोलला आणि तिथे नुसता रस्ता उरला.

मग प्रत्येकाने आपल्या परसात आपला खड्डा खणला. राजाने स्वतः खणला, तळहाताला फोड आले. शास्त्रीबुवा पुढे महिनाभर चुकायचे, झाडू डावीकडेच वळायचा. मग पुटपुटत जायचे आणि उचलून आणायचे. प्रवचन मात्र बंद झालं, कारण कंबर धरायची. राजाने जिलबी सोडली नाही. आठवड्याला एक, चौकात बसून, वैद्यांची बोलणी खात. पावसाळ्यात खड्ड्यांवर दुधीचे वेल चढले आणि कंकणपूर दुधी खाऊन खाऊन कंटाळलं, पण सुखात राहिलं.

संपली. डोळे मिटा आता. कोणीतरी शेंगांची टरफलं सतरंजीखाली सारलीत, मला टोचतायत. कोणाची ते मी विचारणार नाही. उचला आणि निजा.