बेडकावर शून्य निबंध

प्राणिशास्त्राचे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांच्याकडे एकदा हेरंब नावाचा अतिशय घाईतला विद्यार्थी आला. विषय त्याने उत्तम निवडला होता: कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांतले बेडूक. पीएचडीचा आराखडा दुपारी तीन वाजता समितीपुढे मांडायचा होता आणि या विषयावर आजवर कोणी काम केलेले नाही, हे त्यात दाखवून द्यायचे होते. समितीने नाकारले तर पुढची बैठक सहा महिन्यांनी, म्हणजे यंदाचा पावसाळा हातचा गेला.

आता, कोणी काम केले आहे की नाही हे कळायला शोधनिबंध चाळावे लागतात. तेवढा दम हेरंबला कुठला! त्याने एक प्रोग्राम लिहिला. निबंध शोधून देणाऱ्या संकेतस्थळाला तो अर्ध्या तासात दोन हजार प्रश्न विचारी आणि किती निबंध सापडले तो आकडा तक्त्यात भरून ठेवी. सड्यांसंबंधीच्या प्रश्नांपुढे ओळीने शून्ये आली. हेरंब जाम खूश झाला.

सकाळी अकराला सरांनी तो तक्ता पाहिला आणि शून्यांच्या ओळीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "तुझ्या प्रोग्रामला आणखी एक प्रश्न विचार. सडा नको, कोकण नको. नुसता बेडूक."

"सर, त्याला काय अर्थ आहे? लाखो निबंध येतील."

"येऊ देत की."

हेरंबच्या कपाळाला आठी पडली. तीन वाजायला चार तास उरलेत, निम्म्या स्लाइड्स व्हायच्यात आणि सरांना आता बेडूक सुचतोय! मनातल्या मनात चडफडत त्याने शब्द टाइप केला.

उत्तर आले, शून्य.

त्याने पुन्हा विचारले. पुन्हा शून्यच.

"म्हणजे जगात बेडकावर कोणी एक ओळही लिहिलेली नाही," सर म्हणाले. "मग मी चाळीस वर्षं काय केलं कोण जाणे."

हेरंबने गडबडीने संकेतस्थळाकडून आलेले मूळ पान उघडले. त्यावर निबंध नव्हतेच. 'तुमच्याकडून फार वेगाने विचारणा होत आहे. आपण माणूस आहात याची आधी खात्री पटवा,' एवढाच मजकूर होता. पानावर निबंध दिसला नाही, म्हणून प्रोग्रामने इमानेइतबारे शून्य लिहिले होते. सातशेव्या प्रश्नापासून पुढे सगळा हाच प्रकार, आणि सड्यांचे प्रश्न सगळे त्यानंतरचे.

"वैताग येतो रे मला याचा," सर म्हणाले. "तू एखाद्याच्या दारावर धडाधड थापा मारल्यास. आतल्याने कंटाळून कडी लावली. आणि तू गावभर सांगत निघालास, की त्या घरात कोणी राहतच नाही! 'नाही' असं उत्तर मिळणं वेगळं आणि उत्तरच न मिळणं वेगळं. यंत्राला त्यातला फरक कळला नाही, त्याला मी दोष देत नाही. तुला कळायला हवा होता. पण ते शून्य तुला हवंच होतं, म्हणून तू तपासलं नाहीस. पाचशे आले असते, तर दहादा तपासले असतेस."

हेरंब मोबाइल घेऊन व्हरांड्यात बसला आणि एकेक प्रश्न स्वतःच्या बोटांनी विचारू लागला. दीड वाजेपर्यंत सड्यांवरच्या बेडकांचे नऊ निबंध सापडले. तो आत आला आणि मोबाइल सरांपुढे धरला.

सरांनी चष्मा सारखा करून लेखकांची नावे वाचली. सहाव्या नावापाशी ते थांबले.

"या बाई तर आज तीन वाजता तुझ्या समोर बसणार आहेत. समितीच्या अध्यक्ष म्हणून."

"हो सर."

हेरंबने आराखडा उघडला आणि 'या विषयावर आजवर कोणतेही संशोधन झालेले नाही' हे वाक्य काढून टाकले. अर्ध्या स्लाइड्स तशाच राहिल्या होत्या. त्या बाजूला ठेवून त्याने सहावा निबंध पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.