गोमीचा पहारा

फार पूर्वी एका कड्याच्या कपारीतल्या पोळ्यात गोमी नावाची पहारेकरीण मधमाशी होती. शेजारचं पोळं मेणपतंगांनी पोखरलं, तेव्हापासून ती आत शिरून, पतंगाच्या अळीचा वास येतो का म्हणून, पोळ्यातलं प्रत्येक घर हुंगू लागली. ती हुंगेपर्यंत भरवणाऱ्या दाया खोळंबत आणि पिल्लं उपाशी राहत.

"अगं बाई, मघाशीच हुंगलंस ना हे?" म्हातारी दाई साळू वैतागली. "पतंगाआधी तुझा पहाराच मारील यांना!"

"आणि पतंग आला तर?"

"येणार दारातूनच ना? तिथं कोण आहे?"

गोमी चपापली आणि दाराकडे धावली. एक पतंग आत शिरतच होता. तिने त्याला पिटाळून लावलं आणि तिथेच ठाण मांडलं.

पिल्लं जेवून निजल्यावर साळूने हाक मारली, "गोमे, दुसरीला दारात बसव आणि ये. आता हुंग हवं तेवढं!"