विडा होईपर्यंत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगरांत ती घडली त्यांची नावंही आता बदलली असतील. त्या डोंगरांतल्या एका लहानशा राज्यावर एक राणी राज्य करत होती. राणी हुशार होती, कष्टाळू होती आणि प्रजेचं वाईट तिने कधी चिंतलं नव्हतं. पण तिला एक खोड होती. तिचा कुणावरही म्हणून विश्वास नव्हता.

दारावरचे पहारेकरी ती सारखे बदलायची, का तर दोघांची मैत्री झाली की ते मिळून काहीतरी शिजवतील. ताटातला पहिला घास ती मांजराला घालायची. पुढे तिला त्या मांजराचाही संशय येऊ लागला, तेव्हा तिने दुसरं मांजर आणवलं. हसू नका. राणीच्या जागी बसून बघा, मग कळेल की डोक्यावर मुकुट असला की मांजरसुद्धा आपल्याकडे रोखून बघतंय असं वाटतं.

विडा तर ती दुसऱ्याच्या हातचा खातच नसे. डोंगरातल्या मोठ्या तळ्याच्या खाली तिने स्वतःचा पानमळा लावला होता. त्या मळ्यातलं पान, तिच्याच कुलपातला चुना, तिच्याच अडकित्त्याने कातरलेली सुपारी. भर दरबारात ती स्वतः विडा लावायची आणि त्यावरूनच दरबाराचा रिवाज पडला होता.

रिवाज असा. गावोगावचे पाटील दर महिन्याला आपापल्या गावाची हकिकत लिहून पाठवत. त्या हकिकती भल्यामोठ्या असत. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या देवळाचा कळस वाकला, सगळं त्यात. ते सगळं वाचून त्याचं सार राणीला सांगायला एक वृद्ध कारभारी नेमलेला होता. गोषवारा सांगतो म्हणून लोक त्याला गोषवारेबुवा म्हणत. राणीने पानाचा देठ खुडला की बुवांनी बोलायला सुरुवात करायची आणि विड्याला लवंग टोचली की थांबायचं. एका गावाला एक विडा.

बुवा कधी अडखळले नाहीत. पण राणीला तेच खुपायचं. एवढी लांबलचक हकिकत आणि सांगायला दोन वाक्यं? मग बाकीचं गेलं कुठे?

तिच्या या शंकेला कारण होतं, तेही सांगायला हवं. तिच्या वडिलांच्या काळी एका कारभाऱ्याने हकिकत सांगताना एकच ओळ गिळली होती आणि त्या एका ओळीपायी एक किल्ला हातचा गेला होता. राणी तेव्हा लहान होती. वडिलांचा पडलेला चेहरा तिने पाहिला होता आणि मनाशी गाठ मारली होती की जे सांगितलं जात नाही, चोर तिथेच बसलेला असतो.

एके वर्षी उन्हाळा संपत आला असताना मोठ्या तळ्याखालच्या गावाची हकिकत आली. राणीने देठ खुडला. बुवा उभे राहिले.

"राणीसाहेब, तळ्याचा बांध आतून पाझरतो आहे. पावसाचं पाणी चढायच्या आत त्याची डागडुजी झाली नाही, तर खालचं गाव वाहून जाईल."

राणीने अजून चुनाही लावला नव्हता. "झालं?"

"झालं."

"पाटलाने असं लिहिलंय? बांध पाझरतो, असं?"

"शब्दांत नाही लिहिलं," बुवा म्हणाले.

दरबारात चुळबुळ झाली. राणीने पान खाली ठेवलं. "शब्दांत नाही लिहिलं, तर मग तुम्हाला कुठून कळलं?"

"त्याने लिहिलेल्या ओळींना मी एकेक करून विचारलं की बाई, तू इथे कशाला आलीस? काही ओळी नुसत्याच आल्या होत्या, त्यांना मी बाजूला बसवलं. उरलेल्या सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. ती दिशा बांधाची होती."

"ओळी बोटं दाखवतात," राणी हळूच म्हणाली. "छान. बुवा, तुमचे जावई काय करतात हो?"

सगळ्या दरबाराला ठाऊक होतं. त्यांचा जावई गवंडी होता आणि गेलं वर्षभर त्याच्या हाताला काम नव्हतं.

"बांध दुरुस्त करायचा म्हणजे गवंडी लागणारच," राणी म्हणाली आणि तिला मनातून थंडगार समाधान वाटलं. संशयी माणसाला संशय खरा ठरण्याइतका आनंद दुसऱ्या कशाने होत नाही. "बुवांना घरी पोचवा. दाराशी पहारा बसवा. ही हकिकत आता मी स्वतः वाचते."

आणि तिने ती वाचली. दार बंद करून, ओळीवर बोट ठेवून वाचली. पाटलाने लिहिलं होतं ते असं:

'गावात सर्व क्षेम आहे. कुंभाराच्या म्हशीला रेडकू झालं. खालच्या आळीत जमिनीतली पेवं ओलावली, सबब धान्य काढून टेकडीवरच्या देवळात ठेवलं आहे. खालच्या विहिरीला गढूळ पाणी येतं. पाटलाने नवी घोडी घेतली. बांधाच्या पायथ्याला भर उन्हाळ्यात हिरवंगार गवत आहे, गुरं तिथून हलत नाहीत. बांधातले उंदीर बिळं सोडून रानात आले, पिकाला उपद्रव देतात. देवीची पालखी बांधावरून नेताना भोयांचे पाय रुतले, सबब डोंगरवाटेने नेली. यंदा आंबा बरा आहे.'

'बांध पाझरतो' हे शब्द तिला कुठेच दिसले नाहीत. पण दुसरं काहीतरी दिसलं आणि ते दिसताच ती ताठ बसली. धान्य टेकडीवर नेलं आहे. नवी घोडी घेतली आहे. पालखीच्या निमित्ताने लोकांना डोंगरवाट दाखवली आहे. उंच जागा, धान्याचा साठा, घोडी आणि आडवाट! हा पाटील बंडाची तयारी करतोय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. बुवांनी बांधाचं बुजगावणं उभं केलं ते हेच झाकायला.

धान्य ओलावलं म्हणून हलवलं, हे त्याच ओळीत लिहिलेलं होतं. पाय रुतले म्हणून वाट बदलली, हेही लिहिलेलं होतं. राणीच्या बोटाखालून ते शब्द गेलेसुद्धा. पण तिच्या गोष्टीत ते बसत नव्हते, म्हणून तिने ते सोडून दिले. ओळी गिळण्याच्या ज्या गुन्ह्याचा तिला बुवांवर संशय होता, तोच ती आता करत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

पाटलाला पकडून आणायला शिपाई गेले. वाट अवघड होती, त्यांना जायला-यायला वेळ लागला. तोवर डोंगरांवर काळे ढग येऊन बसले. बुवा घराच्या ओट्यावरून त्या ढगांकडे बघत आणि पहारेकऱ्याला म्हणत, "माझं राहू दे रे, पण त्या गावाला कुणीतरी सांगा." पहारेकरी नवा होता. कुणाचं ऐकायचं नाही एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

अखेर पाटलाला दरबारात उभं केलं. मध्यम वयाचा, उन्हाने रापलेला माणूस. हात बांधलेले. राणीने पान हातात घेतलं आणि देठ खुडला.

"धान्य टेकडीवर का नेलं?"

"पेवं ओली झाली, बाईसाहेब. कधी न्हाई ती खालनं वल आली. ज्वारीला मोड फुटले."

"पालखीची वाट का बदललीस?"

"बांधावर भुई मऊ लागाया लागली. भोई घोट्याइतके आत जायाचे. देवीला पाडायची का?"

"आणि घोडी?"

पाटील गोंधळला. "घोडी व्हय? ती पोरीच्या सासरी द्यायची हाय. तिचा काय संबंध?"

राणीचा हात चुन्याच्या डबीवर थांबला. पेव ओलं. भुई मऊ. विहीर गढूळ. बिळांत पाणी. भर उन्हात हिरवं गवत. आता तिलाही ती बोटं दिसू लागली. सगळी एकीकडेच रोखलेली होती. एकटी घोडी दुसरीकडे तोंड करून उभी होती आणि राणी नेमकी तिच्या मागे गेली होती.

"अरे, मग बांध पाझरतो असं सरळ का नाही लिहिलंस?" ती जवळजवळ ओरडली.

पाटील म्हणाला, "भ्यालो, बाईसाहेब. बांध पाझरतो म्हणून लिवलं असतं तर तुम्ही इचारलं असतं, मग तू काय झोपला व्हतास? बांधाचं दगड कुनी खाल्लं? मागच्या साली शेजारच्या पाटलानं कोठार गळतं म्हणून कळवलं, तर त्यालाच आत टाकला. म्हणून म्या दिसलं तेवढं समदं लिवलं. म्हटलं, वाचनाराला कळंल."

वाचणाऱ्याला कळलंही होतं. वाचणारा घराच्या ओट्यावर बसलेला होता.

राणी स्वतःची पालखी यायची वाट न बघता चालत बुवांच्या घरी गेली. पहारेकरी तिलाही आत सोडेना, तेव्हा तिने त्याला ढकललंच. "बुवा, चुकले मी," ती म्हणाली. "आता काय करू?"

बुवांनी तिला टोचून बोलायची ती संधी सोडली. "आता डागडुजीला वेळ नाही. सांडवा फोडा आणि तळं रिकामं करा. गाव टेकडीवर हलवा, धान्य तिथे आहेच. फक्त एक आहे, सांडव्याचं पाणी तुमच्या पानमळ्यातून जाईल."

राणीच्या मनात क्षणभर जुनी पाल चुकचुकली. माझ्या पानमळ्यावर यांचा डोळा तर नसेल? मग तिला स्वतःचीच लाज वाटली. "फोडा," ती म्हणाली. "आणि तुमच्या जावयालाच पाठवा. पहार कशी मारायची ते त्याला कळतं."

जावयाने सांडवा फोडला. पाण्याने पानमळा वेलींसकट खरवडून नेला. तळं उतरू लागलं, पण वरच्या डोंगरांत पाऊस लागला होता आणि उतरण्यापेक्षा चढणं वेगाने होत होतं. गाव टेकडीवर पोचलं न पोचलं तोच बांध मधोमध खचला. माणसं वाचली, गुरं वाचली, कुंभाराचं रेडकूही वाचलं. पण खालची आळी गेली. कुंभारांची घरं गेली आणि वर्षभराची मडकी रचून लावलेली भट्टीही गेली. बुवांनी सांगितलं त्या दिवशीच डागडुजी सुरू केली असती, तर पावसाआधी बांध सावरला असता आणि काहीच गेलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं. बोलायला मात्र कुणी धजत नव्हतं.

पाऊस थांबल्यावर राणी टेकडीवर गेली. लोक देवळाच्या आवारात बसले होते. तिला पाहून सगळे उठले. एक म्हातारी कुंभारीण तेवढी उठली नाही.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "माझं घर कशापायी गेलं, ते मला सांगा. ऐकल्याबिगर मी काय उठायची न्हाई."

राणी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "आजी, त्याचं असं झालं, की गोषवारेबुवांचे जावई गवंडी आहेत. त्यात पाटलाने घोडी घेतली. आणि माझ्या वडिलांच्या काळी एकदा..."

म्हातारीने कमरेची चंची सोडली. तिच्यात एक सुकत आलेलं पान होतं. तिने ते लुगड्याला पुसलं आणि त्याचा देठ खुडला.

"तुमच्याकडं रिवाज हाय म्हणत्यात," ती म्हणाली. "माझा इडा होईस्तोवर सांगा."

म्हातारीने चुना लावला. राणी गवंड्याला सोडून बोलायला गेली, पण घोडी आडवी आली. घोडी सोडली, तर वडिलांचा किल्ला आठवला. जे जे ओठांवर येत होतं, त्या प्रत्येकाला तिने मनातल्या मनात विचारलं की बाबा, तू इथे कशाला आलास? आणि ते सगळे तिला वाचवायला आले होते. तिने एकेकाला बाजूला बसवलं. म्हातारीने सुपारी ठेवली, पान दुमडलं आणि लवंग शोधायला चंचीत बोट घातलं.

"पाटील पाणी दाखवत होता," राणी म्हणाली, "आणि मी चोर शोधत होते."

म्हातारीने लवंग टोचली आणि तो विडा स्वतः न खाता राणीपुढे धरला.

राणीने दुसऱ्याच्या हातचा खाल्लेला तो पहिला विडा. मांजर शोधायला ती गेली नाही. त्या वर्षी कुंभारांची घरं टेकडीच्या अंगाला नव्याने बांधली गेली आणि पाटलांच्या हकिकती हळूहळू आखूड होत गेल्या, कारण जे सांगायचं ते लोक आता पहिल्याच ओळीत लिहू लागले. पानमळा मात्र पुन्हा धरला नाही. दरबारात राणी रिकाम्या हातांनी बसायची आणि बुवांचं बोलणं संपेपर्यंत ऐकायची.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांना वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: वाचताना आपल्याला काय सापडायला हवं आहे ते बाजूला ठेवावं आणि लिहिणाऱ्याच्या साऱ्या ओळी मिळून काय सांगतात ते आधी ऐकावं.