प्रार्थनाघर रिकामं करायची रीत

वाघजाळीचं हे मेथडिस्ट प्रार्थनाघर. माथ्यावर दगडात कोरलेला क्रूस, त्याच्याखाली दवाखान्याची पुसट पाटी, तिच्याखाली बालवाडीचा रंगीत फलक. येणारे हसतात, म्हणतात, एक काय ते ठरवा की. हसा. मी चौथी नापास, पण हे नीट सांगतो.

फार जुनी गोष्ट. इमारत नवीकोरी होती. गावात पटकीची साथ, परक्या माणसाला कुणी दारात उभं करत नव्हतं. अशात रविवारची भक्ती चालू असताना यल्लम्मा नावाची वडारीण कळा देत आली. ह्या भिंतींचे दगड तिच्या नवऱ्यानं घडवलेले, म्हणून एवढं एकच दार तिच्या ओळखीचं.

मंडळीत मार्थाबाई नावाची सुईण होती. ती उठली आणि प्रभुभोजनाच्या मेजावरची भाकर न् प्याला सरळ पाळकांच्या हातात दिला, असं सांगतात.

"पाळकसाहेब, भक्ती बाहेर कडुनिंबाखाली न्या. इथं बाळंतपण आहे."

"अहो मार्थाबाई, हा प्रभूचा मेज!"

"प्रभू गोठ्यात जन्मला, कुणी जागा दिली नाही म्हणून. तुम्हाला तसंच करायचंय? चला, सगळे बाप्ये बाहेर!"

पाळक योहान खंडागळे तापट माणूस, पण निघाले. बाहेर गाणं सुरू झालं. पोर जन्मलं, पण आतून रडणं येईना. गाणंही थांबलं. तेव्हा पाळकांनी देवाला शब्द दिला म्हणे, "हे लेकरू जगव. ज्याला ह्या छपराची जास्त नड, त्याच्यासाठी आम्ही बाहेर बसू. कायमचं." बोलणं संपायच्या आत पोर असं किंचाळलं की झाडावरचे कावळे उडाले.

यल्लम्मा निघाली आणि साथीचे रोगी आले. दवाखाना झाला. पुढं शाळा, मग धान्याचं कोठार. प्रत्येक वेळी आतला उठला, नडलेला आत गेला. हाणामारी एकदाही नाही. तेही ह्या गावात, जिथं वीतभर बांधावरून डोकी फुटतात!

आजही तेच. मीही नडलेला म्हणून माझं शिलाईचं दुकान अठरा वर्षं आत होतं. बालवाडीचं छप्पर पडलं, बाई दारात आल्या. मी अर्धा दिवस बडबडलो, त्यांना नाही नाही ते बोललो, आणि मशीन उचलून ह्या कडुनिंबाखाली आलो. रविवारी मंडळी इथंच शेजारी भक्तीला बसते. तेवढा वेळ मी मशीन थांबवतो.