भिंतीपलीकडची भट्टी

डोंगराच्या पायथ्याशी, एका थंडगार गावात, एक कोष्टीण राहायची. घर एवढुसं. एकच खोली, निम्म्यात माग आणि उरलेल्या निम्म्यात संसार. पण गंमत बघा, पौषात सारं गाव कुडकुडायचं आणि हिची खोली मात्र उबदार! "माझं घरच गुणाचं," असं ती ऐटीत सांगायची.

त्या वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. लेकीचं सासर मोठं, चौसोपी. तिथल्यांनी नावं ठेवायला नकोत म्हणून कोष्टीण बाजारात गेली आणि पितळी पायांच्या भल्यामोठ्या शेगडीवर भाळली.

"घर केवढं आहे, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"चांगलं ऐसपैस आहे की!" कोष्टिणीने ठोकून दिलं आणि शेगडी घरी आणली.

आता एकच कटकट उरली. भिंतीपलीकडे एक म्हातारी भडभुंजी राहायची. तिची लाह्या-फुटाणे भाजायची भट्टी दोघींच्या सामाईक भिंतीला टेकलेली. दिवसभर नुसती तडतड!

"आक्का, तुमची भट्टी तेवढी परसात न्या," कोष्टीण म्हणाली. "या आवाजात बाळ झोपायचं कसं?"

"लेकरासाठी म्हणतेस ना? मग नेते की!" म्हातारीने जुनी भट्टी विझवली आणि कमरेत उसण भरेपर्यंत माती तुडवून परसात नवी घातली.

बाळ झालं, गुटगुटीत नातू. आणि चौथ्याच दिवशी कडाक्याची थंडी पडली. कोष्टिणीने शेगडी पेटवली. दार लावलं की धुराने बाळ खोकायचं, उघडलं की बोचरं वारं आत शिरायचं. बाळाचे तळपाय गार पडले. लेक रडकुंडीला आली.

"आई, मी याच खोलीत वाढले. या भिंतीला पाठ लावून झोपायचे, तेव्हा कधी थंडी वाजली नाही गं!"

कोष्टिणीने भिंतीला हात लावला. भिंत गारठली होती. इतकी वर्षं जिला ती आपल्या घराचा गुण म्हणत होती, ती ऊब पलीकडच्या भट्टीची होती!

ती तशीच धावत सुटली. "आक्का, मी चुकले. जन्मभर तुमच्या उबेत राहिले आणि तुमचीच भट्टी विझवायला लावली. बाळ गारठलंय हो!"

"अगं, मग बोलत काय उभी राहिलीस? सरपण उचल!" म्हातारी ओरडली.

दोघींनी मिळून जुनी भट्टी पेटवली. दुपारपर्यंत भिंत उबदार झाली, बाळाचे तळपाय गुलाबी झाले. आणि काय सांगावं, लाह्यांची तडतड सुरू झाली तसा तो पठ्ठ्या गाढ झोपी गेला.

बारशाला कोष्टिणीने स्वतः विणलेलं लुगडं म्हातारीला नेसवलं आणि बाळ आधी तिच्या मांडीवर दिलं. "आक्का, हा तुमचाच," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

चैत्र लागला. बाळाला उकडू नये म्हणून म्हातारी आपणहून परसातल्या भट्टीवर भाजायला बसू लागली. अशात वाळ्याचे पडदे विकणारा कोष्टिणीच्या दारात आला.

"घर केवढं आहे, बाई?"

"एवढुसं," कोष्टीण म्हणाली. "पण थांबा जरा." तिने आधी भिंत चाचपली. भिंत गार होती. मग बाहेर येऊन वर पाहिलं. म्हातारीने लावलेला दुधीचा वेल कोष्टिणीच्या छपरावर दाट पसरला होता. तिने नकळत हात जोडले.

"एक पडदा द्या," ती म्हणाली. "पण माझ्याकडे नको. पलीकडे आमच्या आक्का राहतात, त्यांच्या दारावर ऊन येतं. तिथं लावा."

तात्पर्य: घरात नवं सुख विकत आणण्याआधी, असलेलं सुख कोणाच्या कष्टातून येतंय ते पाहावं आणि त्या माणसाची आठवण ठेवावी.